परत कधी फिरायचे, हे निघण्याआधी ठरवा

प्रश्न : एका मैत्रिणीशी माझी तीस वर्षांची ओळख आहे. वर्षातून एक दिवस आम्ही दोघीच नदीकाठाने चालायला जातो. सकाळी निघायचे, जाऊन-येऊन सोळा किलोमीटर चालायचे आणि अंधार पडायच्या आत गाडीपाशी परतायचे, असा आमचा नेम आहे. गेल्या वर्षी निम्म्या वाटेवर असताना आभाळ भरून आले, दूरवर एकदा गडगडले आणि मी हट्ट धरून तिला परत फिरवले. गाडीपाशी पोचलो तेव्हा लख्ख ऊन पडले होते. तेव्हापासून ती मला 'ढगाला भिणारी' म्हणते. येत्या रविवारी पुन्हा निघायचे आहे. हवा रोज रंग बदलते आहे आणि अंदाजही तसाच आहे : अधूनमधून ऊन, दुपारनंतर गडगडाटी सरींची शक्यता चाळीस टक्के. ती म्हणते, जे होईल ते तिथे पाहून घेऊ. मला तिची सोबत हवी आहे. पण दिवसभर जीव मुठीत धरून चालायचे नाही. जाऊ की नको? आणि गेलेच, तर परत फिरण्याची वेळ आल्यावर तिला सांगू कसे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दाचे आहे : जा. दुसऱ्याला थोडा वेळ लागेल, कारण तुमच्या पत्रात ढग आणि सरी पुष्कळ असल्या, तरी वर्षभर जे सलते आहे त्याचा पावसाशी संबंध कमीच आहे. गेल्या वर्षी वाटेवर उभे असताना एकीने ठरवले आणि दुसरीला ते ऐकावे लागले; तुमची मैत्रीण टोमणे मारते ते त्याचे. ऊन पडले नसते तर कदाचित ती काही बोललीही नसती, पण मनात राहिलेच असते.

आधी गेल्या वर्षीचा हिशेब मिटवू. एखादा निर्णय योग्य होता की नाही, हे तो घेतला त्या घटकेला काय दिसत आणि ऐकू येत होते यावरून पाहावे; तासाभराने काय घडले यावरून नाही. तुम्हाला गडगडाट ऐकू आला होता. मेघगर्जना पंधरा-वीस किलोमीटरच्या पलीकडून क्वचितच ऐकू येते, आणि वीज तर पाऊस पडत असलेल्या जागेपासून कित्येक किलोमीटर दूर, डोक्यावर निळे आभाळ असतानाही पडू शकते. त्यामुळे आवाज कानी आला की आपण तिच्या टप्प्यात आहोत, असेच धरून चालावे लागते. उघड्या नदीकाठावरून निघून जाण्याचा तुमचा आग्रह बरोबर होता आणि नंतर पडलेल्या उन्हाने तो चुकीचा ठरत नाही.

मात्र एक गोष्ट तुमच्या मैत्रिणीच्या बाजूनेही सांगितली पाहिजे. काठ सोडणे आणि सहल सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून ३० मिनिटे पक्क्या आसऱ्याखाली थांबावे आणि तेवढ्या वेळात पुन्हा आवाज आला नाही तर पुढे निघावे, हा विजेच्या बाबतीत जगभर पाळला जाणारा नियम आहे. वाटेजवळ एखादी पक्की इमारत असती, तर तुम्ही अर्धा तास तिथे काढून पुढे जाऊ शकला असता. तुमच्याच पत्रात 'हट्ट धरून' असे शब्द आले आहेत, त्यावरून मला वाटते की हा पर्याय बोलण्यात आलाच नसावा. तो आला असता तर 'ढगाला भिणारी' हे नाव बहुधा जन्मालाच आले नसते.

आता चाळीस टक्क्यांविषयी, कारण याच आकड्यावरून सर्वांत जास्त वाद होतात. त्याचा अर्थ असा की, अंदाज ज्या भागाचा आणि ज्या वेळेचा आहे, त्यातल्या एका विशिष्ट ठिकाणी पाऊस होण्याची शक्यता दहांत चार आहे. दिवसाचा चाळीस टक्के वेळ पाऊस पडेल असे तो सांगत नाही आणि पडला तर किती जोराचा पडेल हेही सांगत नाही. 'साठ टक्के कोरडेच आहे' म्हणणारी तुमची मैत्रीण आणि 'चाळीस टक्के म्हणजे जवळजवळ निम्मे' म्हणणाऱ्या तुम्ही, दोघीही एकच आकडा आपापल्या स्वभावाने वाचत आहात. एकटा गडगडाटी ढग काही किलोमीटर रुंदीचा असतो आणि साधारण तासाभरात तयार होऊन, बरसून विरून जातो. तो तुमच्या वळणावर येईल की शेजारच्या खोऱ्यावर, हे आदल्या दिवशी कोणालाही सांगता येत नाही.

त्या अंदाजातला सर्वांत उपयोगाचा शब्द आकड्यात नाही, 'दुपारनंतर' या शब्दात आहे. उन्हाने जमीन तापते, तिला लागून असलेली दमट हवा हलकी होऊन वर चढते, वर गेल्यावर तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होते आणि त्या क्रियेत सुटणारी उष्णता तिला आणखी वर रेटते. या सगळ्याला सकाळचे काही तास लागतात, म्हणून असे ढग बहुधा दिवस कलल्यावर फुटतात. तेव्हा तुमच्या नेहमीच्या वेळेपेक्षा दोन तास लवकर निघा. पहाटे उठण्याचा कंटाळा हा या सहलीतला खरा शत्रू आहे आणि त्याच्याविषयी मात्र दोघींचे एकमत असेल, अशी मला भीती वाटते. वाटेत दहा-अकरा वाजताच कापसाच्या ढिगासारखे ढग रुंदीपेक्षा उंचीने वाढताना दिसू लागले, तर दुपारची घटना अलीकडे सरकली आहे असे समजा. ढगाचा माथा पसरून लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट झाला असेल, तर तो गडगडाटी ढग पूर्ण वाढलेला आहे.

अंतराचाही एकदा नीट अंदाज घ्या. स्कॉटलंडमधले गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक ठोकताळा मांडला, तो आजही वापरतात : सपाटीवर तासाला सुमारे ५ किलोमीटर आणि चढ असेल तर दर ६०० मीटर उंचीला एक तास अधिक. या हिशेबाने तुमचे सोळा किलोमीटर सव्वातीन तासांत व्हायला हवेत. पण तो हिशेब न थांबता चालणाऱ्या दमदार माणसांचा आहे. चिखल, गप्पा, शिदोरी आणि पक्षी बघत उभे राहणे त्यात धरलेले नाही. तुम्ही सहा तास धरा. शिवाय नदी सरळ जात नाही. बऱ्यापैकी वळणे घेणाऱ्या नदीची लांबी सरळ रेषेतल्या अंतराच्या दीडपट किंवा त्याहून अधिक असते, त्यामुळे नकाशावर बोटाने मोजलेले आठ किलोमीटर काठाने चालताना बारा होतात. आदल्या दिवशी नकाशा घेऊन बसाल तेव्हा काठापासून बाहेर पडणारे रस्ते, पूल आणि पक्क्या इमारती कुठे आहेत, यावर खुणा करून ठेवा. परत फिरणे म्हणजे आल्या वाटेने सगळे अंतर पुन्हा तुडवणे, असे मनात बसलेले असते. दोन किलोमीटरवर एखादा फाटा आहे हे ठाऊक असले की निर्णय पुष्कळ हलका होतो.

विजेविषयी एवढेच : चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तिनाने भागा, म्हणजे किलोमीटरमधले अंतर मिळते. तीस सेकंद किंवा त्याहून कमी असतील, म्हणजे वीज सुमारे दहा किलोमीटरच्या आत असेल, तर तुम्ही आसऱ्याला पोचलेल्या असायला हव्यात. चार भिंतींची इमारत किंवा काचा लावलेली गाडी चालेल. नुसत्या खांबांवर छप्पर टाकलेला निवारा पावसापासून वाचवतो, विजेपासून नाही. एकटे उभे असलेले झाड तर टाळाच. काहीच सापडले नाही, तर पाण्यापासून आणि उंचवट्यापासून दूर जा, एकमेकींपासून काही अंतर ठेवा, म्हणजे एकीला धक्का बसला तरी दुसरी मदत करू शकेल, आणि चालत राहून आसऱ्याकडे सरका.

खरे सांगायचे तर मला विजेपेक्षा नदीची काळजी जास्त वाटते, आणि तुमच्या पत्रात नदीचा उल्लेख केवळ वाट म्हणून आला आहे. गडगडाटाला सगळेच भितात, पण वाढणारे पाणी गाजावाजा करत नाही. तुमच्या डोक्यावर ऊन असताना वरच्या अंगाला तीस किलोमीटरवर तासभर कोसळलेला पाऊस काही तासांनी तुमच्या पायाशी येतो, आणि वर धरण असेल तर पाऊस नसतानाही पाणी सोडले जाऊ शकते. त्यामुळे अंदाज पाहताना आपण चालणार आहोत तेवढ्याच भागाचा न पाहता नदी जिथून येते त्या भागाचाही पाहा. मी स्वतः एकदा नदीतल्या दगडांवर पाय देत पलीकडे गेले होते. दोन तासांनी परतले तर ते दगड दिसेनात. त्या दिवशी आमच्यावर पावसाचा एक थेंबही पडला नव्हता. सोबतची मैत्रीण म्हणाली, गुडघाभरच पाणी आहे, हात धरून जाऊ. आम्ही गेलो नाही, पुलापर्यंतचा लांबचा वळसा घेतला आणि सगळ्या वाटेत एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. तो वळसा योग्यच होता. वेगाने वाहणारे पंधरा सेंटिमीटर पाणीसुद्धा धडधाकट माणसाचे पाय उखडू शकते, कारण प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. आणि गढूळ पाण्यात तळ दिसत नाही, मग गुडघाभर हा शब्द आला कुठून?

पाणी वाढते आहे हे ओळखण्याचा एक साधा उपाय मी तेव्हापासून करते. जिथे बसायचे तिथे पोचल्याबरोबर पाण्याच्या कडेला, जेमतेम भिजेल न भिजेल असा, एक दगड ठेवायचा किंवा काठी रोवायची, आणि निघताना तिच्याकडे पाहायचे. अर्ध्या तासात दगड बुडाला असेल तर चर्चेची गरज राहत नाही. पाणी एकाएकी गढूळ होणे, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागणे, प्रवाहाचा आवाज जड होणे, याही खुणा आहेत. यांतली एक दिसली तरी आधी उंचावर जायचे आणि मग बोलायचे.

बसायची जागा निवडतानाही नदीचे वळण पाहा. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी जोराने धडकते आणि त्याला खालून पोखरते, त्यामुळे वरून हिरवागार दिसणारा काठ आतून पोकळ असू शकतो. भिजल्यावर तो माणसाच्या वजनाने ढासळतो. आतल्या काठाला वाळू साचते, ती जागा बसायला फार मोहक असते आणि पाणी वाढले की सर्वांत आधी तीच बुडते. हे असे का होते, यावर अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९२६ मध्ये एक छोटा लेख लिहिला होता. पेल्यातला चहा ढवळला की चहाची पाने कडेला न जाता तळाच्या मधोमध का जमतात, या कोड्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि वळणावरच्या पाण्यातही तसाच तळालगतचा आडवा प्रवाह असतो, तो बाहेरच्या काठाची माती आत वाहून आणतो, असे दाखवले. रविवारी वाटेत मैत्रिणीला हे सांगा; ढगांवरून होणाऱ्या बोलण्यापेक्षा ते बरे. शिदोरी मात्र दोन्ही काठांपासून वर, पक्क्या जमिनीवर सोडा.

कपड्यांबद्दल फार लिहीत नाही. तुम्ही अनुभवी आहात. सरीत भिजल्यावर वारा सुटला तर मात्र थंडीचा प्रश्न खरा होतो, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते आणि भिजलेले सुती कापड अंगाला चिकटून तेच काम करत राहते. त्यासाठी बर्फच पडायला हवा असे नाही. दहा अंशांच्या आसपासच्या हवेतही, भिजलेल्या आणि दमलेल्या माणसाच्या शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली घसरू शकते. एक कोरडा अंगरखा आणि मोजे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न्या आणि ते शेवटपर्यंत कोरडेच ठेवा. यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, गारठलेल्या माणसाला आपण गारठलो आहोत हे स्वतःला कळत नाही. बोटांनी गाठ सुटेनाशी होते, बोलणे अडखळते, पाऊल ठेचाळते, आणि त्याआधी बहुधा चिडचिड सुरू होते. हे सगळे सोबतच्या माणसाला आधी दिसते. तेव्हा दुपारी तीन वाजता मैत्रीण विनाकारण फटकारून बोलली, तर तो टोमणा मनाला लावून घेण्याआधी तिचे हात गार आहेत का ते पाहा, तिला काही खायला द्या. उलट तुमचीही चिडचिड तिने अशीच वाचावी, हे तिला आधी सांगून ठेवा.

आणि आता तुमचा खरा प्रश्न, तिला सांगायचे कसे. वाटेवर सांगण्याची वेळच येऊ देऊ नका. 'तिथे पाहून घेऊ' हे वाक्य ऐकायला मोकळे वाटते, पण तिथे पाहणारी माणसे दमलेली असतात, पुढच्या वळणाचा मोह पडलेला असतो, बरेच अंतर चालून झालेले असते आणि आधीच्या वर्षीचा टोमणा मनात ताजा असतो. अशा वेळी ढगाकडे पाहून कोणी काही ठरवत नाही, ज्याचा आवाज मोठा त्याचे चालते. म्हणून घरी, कोरड्या खोलीत बसून, आपण कोणत्या खुणेला परत फिरणार हे दोघींनी मिळून ठरवा. मी तीन खुणा सुचवते. गडगडाट ऐकू आला की काठ सोडून आसऱ्याला जायचे आणि अर्ध्या तासाने पुन्हा ठरवायचे. पाणी खुणेच्या दगडावर चढले किंवा वाटेवर आले की उंचावरच्या फाट्याने परत. आणि घड्याळात ठरलेली वेळ झाली की, कितीही चांगले ऊन असो, जिथे असू तिथून माघारी. साडेसहाला निघालात तर ही वेळ साडेनऊची धरा. निम्मे अंतर त्यात सहज होते. या खुणांमध्ये तुमचे भित्रेपण नाही आणि तिचे धाडसही नाही, त्यामुळे परत फिरताना कोणी जिंकत नाही.

याशिवाय एक चौथी अट आहे आणि तिच्यावर मी सर्वांत जास्त भर देईन : दोघींपैकी कोणीही 'आता पुरे' म्हणाली, तर दुसरीने कारण न विचारता वळायचे आणि नंतर वर्षभर त्याचा उल्लेख करायचा नाही. ही सवलत दोघींनाही असली पाहिजे. मला शंका आहे की तुमच्या मैत्रिणीनेही कधीतरी दमून 'पुरे' म्हणावेसे वाटून ते गिळले असेल, कारण धाडसी म्हणून नाव पडलेल्या माणसाला तेवढीच पंचाईत असते.

याच्या बदल्यात तुम्हालाही काही द्यावे लागेल, नाहीतर तो करार एकतर्फी होईल. ठरलेल्या खुणांपैकी एकही नसताना नुसत्या रिमझिमीवरून परत फिरण्याचा विषय काढायचा नाही. भिजणे आणि धोक्यात असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दर दहा मिनिटांनी आभाळाकडे पाहून उसासा टाकायचा नाही. तुम्ही तसे करता असे तुम्ही लिहिलेले नाही, पण 'जीव मुठीत धरून' दिवसभर चालणाऱ्या माणसाचे उसासे सोबतीला ऐकू येतातच, आणि तिची थट्टा हे बहुधा त्याला दिलेले उत्तर असावे. एकदा खुणा ठरल्या की आभाळाची राखण करण्याचे काम तुमच्या एकटीचे राहत नाही. हवे तर ते वाटून घ्या : ढगांकडे तिने पाहायचे, पाण्याच्या कडेला दगड तुम्ही ठेवायचा. आपली वाट आणि परतण्याची वेळ घरच्या कोणाला तरी लिहून द्या आणि अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचे, तेही सांगून ठेवा.

बोलायला सुरुवात कुठून करावी, तर गेल्या वर्षीपासूनच करा. "तेव्हा अर्धा तास कुठे थांबता येईल का, हे मी तुला विचारायला हवे होते, ते राहून गेले" एवढे एक वाक्य तुमच्याकडून जाऊ द्या. गडगडाट ऐकून काठ सोडल्याबद्दल मात्र क्षमा मागू नका. मग थट्टा आवडत नाही हेही स्पष्ट सांगा. तीस वर्षांच्या मैत्रिणीला ते आडून सुचवण्याची गरज नाही. ती हसली आणि 'एवढ्याशा चालण्याला कसले करार' म्हणाली, तर तिलाच विचारा की तिच्या मते कोणत्या खुणेला फिरावे. तिची खूण तुमच्यापेक्षा थोडी पुढची निघाली तरी, विजेची आणि पाण्याची सोडून बाकी सगळीकडे, ती मान्य करा. कोणतीच खूण मान्य नाही असे ती म्हणाली, तर यंदा नदीकाठ सोडून दुसरी एखादी वाट सुचवा. त्या दिवशी तिची सोबत मिळेल आणि नदी पुढच्या वर्षीही आहे.

हा फोन शनिवारी दुपारी करा, संध्याकाळचा ताजा अंदाज येण्याच्या आधी. तो एकदा आला की चाळीसचे वीस किंवा साठ झालेले असतील, दोघींना आपापली बाजू सापडलेली असेल आणि खुणांविषयीचे बोलणे पुन्हा त्या आकड्यावर जाऊन बसेल.